गोथेनबर्गच्या सवयी

गोथेनबर्ग, ५ ऑक्टोबर १९६९

आई,

तुम्ही पाठवलेल्या वाळवलेल्या भाकऱ्या परवा पोचल्या. आनेलीने गाठोडं जिन्यातच फोडलं आणि पायरीवर बसून अर्धी भाकरी संपवली. म्हणाली, आजीच्या घरचा वास येतो. मी तिला रागावले नाही, कारण उरलेली अर्धी मी खाल्ली.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालंय. नळाला गरम पाणी येतं. पहिल्या दिवशी मी ते नुसतंच हातावर घेत उभी राहिले होते. कारखान्यात मी पॅन्टचे खिसे शिवते. शेजारच्या मशीनवर आपल्या कूहमोकडचीच राइली बसते. ती इथे बरीच वर्षं आहे, त्यामुळे सध्या माझं तोंडही तीच आणि कानही तीच.

आल्या आल्या मी एक घोळ घातला, तो सांगते. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून धुण्याची एक खोली आहे. भिंतीवर फळी आहे, तिच्यावर वार आणि वेळा लिहिलेल्या आहेत. ज्याला जी वेळ हवी तिथे त्याने आपलं छोटं कुलूप अडकवायचं. हे मला कोण सांगणार? खोली रिकामी दिसली, मी मशीनमध्ये कपडे टाकले आणि वर आले. परत गेले तर कुणीतरी माझे कपडे काढून दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेले, आणि वर एक चिठ्ठी. स्वीडिश अक्षरं, खाली ठसठशीत रेघ. मला वाटलं, घर सोडायला सांगतायत. सबंध रविवार रडण्यात गेला. सोमवारी राइलीने चिठ्ठी वाचली: 'आज माझी वेळ होती. तुमच्या मुलीच्या लोकरी मोज्यांना मशीन सोसत नाही, म्हणून ते मी हाताने धुतलेत. डागनी, पहिला मजला.'

मी आपल्याकडच्या मुरंब्याची बरणी घेऊन माफी मागायला गेले. म्हाताऱ्या बाई आहेत, एकट्याच राहतात. त्यांनी कॉफी केली, मग माझा हात धरून मला तळघरात नेलं आणि फळीवर माझं कुलूप लावून दिलं. आता शुक्रवारची संध्याकाळ माझी. तिथे ते कुलूप लटकताना दिसलं की वाटतं, या गावात माझी म्हणून एक जागा आहे.

आणखी एक गोष्ट, रागावू नका. इथे हल्ली सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात. आधी असं नव्हतं म्हणे, गेल्या दोन-तीन वर्षांतच सुरू झालंय. कारखान्याचे मोठे इंजिनिअर आमच्या रांगेत आले. मी मान खाली घालून साहेब, आपण, असं सुरू केलं, तर लाजले तेच. म्हणाले, मी बेर्टिल, मला तू म्हण. दिवसभर मी त्यांच्यासमोर जायचं टाळलं.

तुमचा मार्टी नदीत लाकडाचे ओंडके सोडताना बुडाला तेव्हा सगळं गाव तुम्हाला सांगत होतं, सुनेला आणि नातीला धरून ठेवा. आणि तुम्ही माझी पेटी स्वतः ओढत बसपर्यंत आणलीत. मी हे तोंडाने कधी बोलले नाही, म्हणून लिहिते. उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाला आम्ही दोघी नक्की येऊ.

तुमची,
इर्या


कूहमो, २३ नोव्हेंबर १९६९

इर्या,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा चष्म्याशिवाय, ते धरायचं नाही.

इंजिनिअरला तू म्हणायचं, तर पाद्र्याला काय म्हणणार? मी माझ्या सासूला ती गेल्यानंतरसुद्धा अहो-जाहो करत आले, आणि ती काही फार भली बाई नव्हती. तिकडे काय करायचं ते कर. इकडे येताना मात्र बूट झटकतो तशी जीभ दाराबाहेर झटकून ये.

त्या डागनीने मोजे हाताने धुतले हे बरं केलं. ते मी विणलेत. सोबत तिच्यासाठी एक जोडी पाठवते. माप माहीत नाही, पण म्हातारीचे पाय म्हणजे माझ्याएवढेच असतील.

तळं गोठलं. मान्सिक्की गायीचं दूध कमी झालंय, म्हातारी झाली बिचारी. शेजारचा हेइक्की लाकडं टाकून जातो. मला काही कमी नाही. संध्याकाळी रेडिओ लावते, तेवढाच कुणीतरी बोलतो आणि उलट उत्तर द्यावं लागत नाही.

आनेलीला घरात आपल्याच भाषेत बोलायला लाव. नाहीतर उद्या माझ्या थडग्याशी येऊन ती स्वीडिशमध्ये काहीतरी सांगेल आणि मला एक अक्षर कळणार नाही.

साइमी


गोथेनबर्ग, १८ जानेवारी १९७०

आई,

मोजे डागनीबाईंना अगदी बरोबर बसले. तुमचे आभार मानायला त्यांनी मला खास बोलावून घेतलं. नंतर जिन्यात भेटल्या तेव्हा परत मानले, आणि काल भेटल्या तेव्हा आणखी एकदा.

इथले लोक आभार मानून थकत नाहीत. जेवण झालं की आभार, काम संपलं की आभार. आणि कुणाकडे जाऊन आलात, की पुढच्या भेटीचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'मागच्या वेळेबद्दल आभार.' मग मधे महिना का गेलेला असेना. सुरुवातीला मला हे नाटकी वाटायचं. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले तर तो विचारेल, काय बिघडलं? पण आई, ऐकून ऐकून त्यातलं मर्म कळायला लागलं. समोरचा सांगत असतो की तू माझ्याकडे आली होतीस हे मी विसरलो नाही. आता ट्राममधून उतरतानाही माझ्या तोंडून तो शब्द आपोआप निघतो.

कॉफीचीही एक गंमत आहे. ताटलीतला शेवटचा बन कुणीच उचलत नाही. कुणीतरी अर्धा करतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा. अखेर नखाएवढा तुकडा उरतो आणि सगळे त्याच्याकडे न बघता बोलत राहतात. डागनीबाईंचा भाचा रूने मग तो तुकडा आनेलीच्या खिशात घालतो. रूने गोदीत वेल्डर आहे, डागनीबाईंकडे दर शनिवारी येतो. येताना बंदरावरून कोळंबी आणतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, सगळ्यांनी हातांनी सोलायची आणि पावावर रचून खायची. मला सोलायला जमेना, तर रूनेने शिकवलं. मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारीच, हा इथला नियमही आनेलीला त्यानेच पटवला. मी सांगितला असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि हो, इथे प्रत्येक खिडकीत दिवा ठेवतात, पडदेही ओढत नाहीत. आमचीच खिडकी काळी दिसायची. रूनेने एक छोटा दिवा बसवून दिला. कारखान्यातून येताना मी कोपऱ्यावरूनच तो बघते.

तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे ते तुम्ही लिहीतच नाही.

तुमची,
इर्या


कूहमो, १५ फेब्रुवारी १९७०

इर्या,

गुडघे जागच्या जागी आहेत.

कोळंबी रूने आणतो. सोलायला रूने शिकवतो. दिवा रूने लावतो. पोरीला शिस्त रूने लावतो. पत्र मला आलं की त्याच्या आईला, हे बघायला मी पाकीट उलटून पाहिलं.

मार्टीचं नाव एवढ्या मोठ्या पत्रात एकदाही नाही.

थंडी फार आहे. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

साइमी


गोथेनबर्ग, १२ एप्रिल १९७०

आई,

तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तुमचं पत्र आल्यापासून उत्तर लिहायला बसते आणि उठते. आज लिहून टाकते.

रूनेने मला लग्नाचं विचारलंय. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. शांत माणूस आहे. पितो तो सणासुदीला, तेही बेताने. मी त्याला एवढंच सांगितलं की कूहमोला एक बाई आहे, तिला विचारल्याशिवाय मला काही ठरवता येणार नाही. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, विचार, मी थांबतो.

मार्टीचं नाव पत्रात आलं नाही ते विसरले म्हणून नाही. तुम्ही ते वाचणार, हे मनात येतं आणि हात थांबतो. त्याच्याबद्दल मी आनेलीशी बोलते. तो शीळ कशी घालायचा, बर्फात दार अडकलं की त्याला कशी लाथ मारायचा आणि मग पाय धरून कसा नाचायचा. ती हसते. मीही हसते आता. आधी जमत नव्हतं.

तुम्हाला दुखवून मला इथे सुखाने राहता येणार नाही. तुम्ही काय म्हणाल ते लिहा. वाईट असेल तरी लिहा.

तुमची,
इर्या


गोथेनबर्ग, २१ जून १९७०

आई,

तुमचं उत्तर आलं नाही. राइलीच्या आईने तिला लिहिलं की तुम्ही चर्चमध्ये दिसलात, म्हणजे तब्येत बरी आहे. तेवढ्यावर समाधान मानते.

सणाला आम्ही येत नाही. तुमच्या दारात उभं राहून दार उघडेल की नाही याची वाट बघायची, आणि तीही आनेलीसमोर, एवढं बळ मला नाही. आनेलीने तुमच्यासाठी चित्र काढलंय, ते पाठवते. त्यातली गाय मान्सिक्की आहे, हे तिने सांगायला सांगितलंय, कारण ओळखू येत नाही.

रूनेला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमची,
इर्या


गोथेनबर्ग, १० सप्टेंबर १९७०

आई,

हे पत्र दवाखान्यातून लिहिते. घाबरू नका. मला कावीळ झालीय, आणि ती दुसऱ्यांना लागू शकते म्हणून वेगळ्या इमारतीत ठेवलंय. आठवड्यांवर आठवडे काढावे लागतील, असं डॉक्टर म्हणतात. कुणालाही आत सोडत नाहीत. लोक खाली अंगणात उभे राहतात आणि आम्ही वरून काचेतून हात हलवतो.

आनेली डागनीबाईंकडे आहे. त्या सगळं करतात, पण मागच्या आठवड्यात त्यांना चक्कर आली. रूने गोदीतून सुटला की तिथे जातो. सकाळचा प्रश्न आहे. शिवाय ती रात्री तुमचं नाव घेऊन रडते, असं रूनेने चिठ्ठीत कळवलंय. रडताना ती आपल्या भाषेत बोलते, ते त्याला कळत नाही, 'आजी' हा शब्द तेवढा कळतो.

मी काही मागत नाहीये. मागायला मला तोंड नाही. फक्त तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लिहिलं.

इर्या


गोथेनबर्ग, २७ सप्टेंबर १९७०

इर्या,

तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तुझी कॉफीची किटली गळते.

मान्सिक्कीला हेइक्कीकडे बांधलं आणि निघाले. बस, आगगाडी, मग जहाज, परत आगगाडी. जहाजावर लोक रात्रभर गात होते आणि ओकत होते, दोन्ही एकाच सुरात. स्टेशनवर आनेली उभी होती. गेल्या वर्षीपेक्षा वीतभर उंच. मी घाबरले होते की ही आता माझ्याशी कुठल्या भाषेत बोलेल. तिने माझ्या पोटात डोकं खुपसलं आणि अस्सल आपल्या भाषेत म्हणाली, आजी, तुला गोठ्याचा वास येतो. मग माझा जीव भांड्यात पडला.

तो तुझा रूनेही आला होता. माझी पेटी घ्यायला पुढे झाला. मी दिली नाही. त्याने ओढाताण केली नाही, माझ्या मागे दोन पावलं ठेवून घरापर्यंत चालत आला. दारात टोपी काढली आणि गेला.

एप्रिलमध्ये मी तुला उत्तर लिहिलं होतं. टपालपेटीत टाकायला निघाले, वाटेत परत फिरले आणि ते चुलीत घातलं. दुसरं लिहिलं, तेही घातलं. त्यात जे होतं ते वाचलं असतंस तर आज तू मला कळवलं नसतंस, आणि मी इथे नसते. त्या चुलीचे उपकार.

आता इथलं. बेकरीत गेले तर बाई माझ्याकडे बघेचना. मला वाटलं, परकी म्हणून. आनेलीने दाराजवळच्या यंत्रातून आकड्याचा चिटोरा ओढून माझ्या हातात दिला. आपला आकडा आला की बाई हसून बोलते. आमच्या गावच्या दुकानात असा चिटोरा असता तर हेइक्कीच्या बायकोची अर्धी भांडणं मिटली असती.

डागनीने कॉफीला बोलावलं. शेवटचा बन ताटलीत पडून होता. मी उचलला आणि खाल्ला. खोलीत अशी शांतता पसरली की मला वाटलं, मी खिडकी फोडली. आनेलीने मान खाली घातली. मग डागनी इतकी हसली की तिचा चष्मा पडला. ती काहीतरी म्हणाली. आनेलीने सांगितलं, लग्न झाल्यापासून तिला तो शेवटचा बन खायचा होता.

शुक्रवारी तुझं कुलूप अडकवून मी धुणं केलं. वरच्या मजल्यावरचा एक दाढीवाला पोरगा माझ्या वेळेत घुसायला बघत होता. मी त्याला कुलपाकडे बोट दाखवलं आणि खुर्ची टाकून दारात बसले.

उद्या दुपारी अंगणात येऊ. मी लाल रुमाल बांधीन.

साइमी


दवाखाना, ४ ऑक्टोबर १९७०

आई,

लाल रुमाल दिसला. तुम्हालाही मी दिसले असेन, पिवळी. काचेमुळे तुमचा आवाज येत नव्हता, पण ओठ हलताना बघून मला कळलं की तुम्ही मला रागावताय, अंगावर शाल का नाही म्हणून. त्यानंतर मी शाल घेऊन बसते.

नर्सने मला विचारलं, ती तुझी आई का? मी हो म्हटलं. स्वीडिशमध्ये सासू म्हणायला मला शब्द येतो, तरी हो म्हटलं.

जेवण जातं. डोळ्यांतला पिवळेपणा उतरतोय. आई, पहिल्यांदाच मी इथे निवांत झोपते, कारण आनेलीच्या वेण्या कोण घालतंय हे मला माहीत आहे.

रूनेबद्दल मी काही लिहिणार नाही. तो आला तर त्याला दारातून घालवू नका, एवढंच. आणि त्या दाढीवाल्या पोराला माफ करा. त्याला जुळी बाळं आहेत.

तुमची,
इर्या


गोथेनबर्ग, १ नोव्हेंबर १९७०

इर्या,

काल जे झालं ते आज लिहिते. काल लिहायला बसले होते, पण लिहिता आलं नाही.

दाढीवाल्या पोराला मी बुधवारची अर्धी वेळ देऊन टाकली. जुळ्यांचं आधी सांगायला नको होतं का?

काल सगळ्या मृतांचा दिवस होता. दुपारी रूने आला, पिशवीत मेणबत्त्या होत्या. डागनीला नवऱ्याच्या थडग्यावर जायचं होतं, मलाही चला म्हणाली. मी म्हटलं, तिचा हात धरायला कुणी हवं, म्हणून जाते. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. दफनभूमीत सगळं गाव लोटलेलं, पण आवाज नाही. जिकडे तिकडे दिवे.

तुला ठाऊक आहे, नाताळाच्या आदल्या दिवशी आपल्याकडेही सगळे जातात. मी जात नाही. नदीने मार्टीला परत दिलं नाही. नाव कोरायला दगड आहे, पण त्याच्याखाली तो नाही, आणि रिकाम्या जमिनीवर दिवा लावायला माझा हात उठत नाही. तू माझ्याबरोबर घरात बसायचीस. आपण दोघी खिडकीतून लोकांना जाताना बघायचो.

डागनीचा दिवा लावून झाल्यावर मला वाटलं, आता घरी. पण रूने आम्हाला उतारावरून खाली घेऊन गेला. तिथे देवदारांखाली एक मोकळी जागा आहे. थडगी नाहीत, नावं नाहीत. ज्यांचं माणूस दूर कुठेतरी पुरलेलं आहे, किंवा कुठेच नाही, ते तिथे दिवा ठेवतात. केवढे दिवे होते, इर्या. माझी समजूत होती की असं फक्त माझ्याच नशिबी आलंय.

रूनेने पिशवीतून तीन मेणबत्त्या काढल्या. एक आनेलीला दिली, एक माझ्यापुढे धरली. आनेली म्हणाली, "आजी, रूने म्हणतो, या बाबांच्या."

मी तिला विचारलं, "याला कुणी सांगितलं, बाबाला थडगं नाही म्हणून?"

"मीच. त्याने मला विचारलं होतं, तू बाबांसाठी दिवा कुठे लावतेस?"

मी पेटवायला गेले तर काडी विझली. दुसरी विझली. मग त्याने आपले दोन्ही हात माझ्या हातांभोवती आडोशाला धरले. भाजल्याच्या खुणा भरलेले हात आहेत. ज्योत धरली. मग त्याने आपली मेणबत्ती आमच्या दोघींच्या जवळ ठेवली, टोपी काढली, तसाच बर्फात थोडा वेळ उभा राहिला, आणि डागनीला घेऊन लांब झाडापाशी जाऊन पाठ करून थांबला. आम्हाला दोघींनाच तिथे सोडलं.

मी मार्टीशी बोलले. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. काय बोलले ते माझं आणि त्याचं.

घरी आल्यावर मी सूप गरम केलं आणि रूनेला बसायची खूण केली. तो बसला. जेवताना त्याने हळूच आनेलीला काहीतरी विचारलं. आनेली माझ्याकडे वळली.

"आजी, रूने विचारतो, त्याने तुला काय हाक मारायची? तू त्याची कोण लागतेस?"

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "त्याला सांग, मी तुझ्या आईची आई. म्हणजे त्याची सासू."

तिने सांगितलं. तो उठून भांडी घासायला लागला. एकच पातेलं पाठमोरा बराच वेळ घासत होता. मी त्याला घासू दिलं.

मला लेक नव्हती. मार्टी एकटाच. आपल्या दारात कधी जावई येईल, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. तुला दोन आठवड्यांत सोडतील, असं नर्सने रूनेला सांगितलंय. नाताळाच्या आत लग्न उरकून घ्या. मला परत जायला हवं. मान्सिक्की हेइक्कीच्या बायकोला लाथा मारते, असं पत्र आलंय, आणि गायीची चूक नाही. उन्हाळ्यात तिघं माझ्याकडे या. सौनाच्या वाफेच्या खोलीत बसायला नवी फळी बसवायची आहे, जावयाला हात आहेत ते मी पाहिले.

माझ्या कपड्यांची काळजी करू नकोस. पेटीत निळा झगा आहे, चांगला, सणाचा. कूहमोहून निघताना तो मी घडी करून तळाशी ठेवला. कशासाठी, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं.

शाल घेऊन बस.

तुझी आई,
साइमी